मिटल्या डोळ्याचा मणका

नाही हो मास्तर, ते मला विचारू नका. काय दिसतं ते मी सांगत नसते. माझं काम फोटो काढायचं — वाचायचं काम डॉक्टरांचं. तुम्ही हललात, एवढंच. पहिला फोटो हलला, म्हणून दुसरा काढायचा, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? काही नाही. हलतात लोक. गार फळी पाठीला लागली की भलेभले हलतात. हे कोमट पाणी पिऊन घ्या, पेला पूर्ण संपवा, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जरा फेऱ्या मारा. पंधरा मिनिटं. का म्हणजे — पोटात वायू धरला ना, की फोटोत त्याची काळी वर्तुळं उमटतात, मणक्याचा भाग त्याच्यामागं झाकला जातो. चाललं की सरकतो. तोवर डॉक्टरांच्या आतल्या पेशंटचंही आटपेल. गाऊनची नाडी मागून सुटलीय तुमची — राहू दे, राहू दे, माझ्यासमोर काय लाजायचं? एकतीस वर्षं झाली, मी माणसं आतूनच बघत आलेय. वरच्या कातडीचं मला काही वाटत नाही.

बसू नका, चाला. पाचवा आठवडा म्हणालात ना दुखायला लागून? आणि कारण म्हणजे तो ब्रेक. वाचलं मी फॉर्मवर — गाडी शिकवता, शिकाऊ माणसाशेजारी बसून दिवसभर पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर. असेल. तेच असेल. पण एक सांगू का — इथं येणारा प्रत्येक जण आपलं कारण बरोबर घेऊनच येतो. गवंडी म्हणतो विटांची पाटी, शिक्षिका म्हणते दिवसभर उभं राहणं, बाळंतीण म्हणते कडेवरचं पोर. कारण नसलेली पाठ मी अजून बघितली नाही. आणि दहातल्या नऊ जणांचं खरंही असतं बरं का. पाठ दुखते, दुखते आणि महिना-दीड महिन्यात आपली आपण गप्प बसते. त्याला फोटोसुद्धा लागत नाही. आमच्या धाकट्या डॉक्टर तर सहसा काढतच नाहीत. आधी प्रश्न विचारतात — विचारले ना तुम्हाला? पडलात का, ताप येतो का, आडवं झाल्यावरही दुखतं का, पूर्वी काही मोठं दुखणं, वजन. त्यात कुठं अडलं तरच माझ्याकडं पाठवतात. आठवड्याला तीन नाहीतर चार माणसं. — नाही नाही, तुमचं वयामुळं असेल. पन्नाशी उलटली की काढतात. वजनाचं काय सांगितलंत त्यांना? पट्ट्याला एक भोक वाढवावं लागलं? हं. मुलीनं साखर बंद केली म्हणून? असेल, असेल. साखर बंद केली की उतरतं वजन. चाला तुम्ही.

यांचे वडील — मोठे डॉक्टर म्हणायचो आम्ही त्यांना, हा दवाखाना त्यांनीच काढलेला — त्यांचं सगळं उलट. दारातून माणूस आत आला की आधी फोटो. बसायला खुर्ची नंतर. मान अवघडली, काढा पूर्ण पाठीचा फोटो. पोरगं खेळताना पडलं, काढा. तेव्हा हे कॉम्प्युटर कुठले — फिल्म असायची, त्या कोपऱ्यात, जिथं आता बादल्या ठेवल्यात ना, तिथं माझी अंधारखोली होती. लाल दिवा, औषधाचे तीन टब, हाताला तो आंबूस वास — जेवताना घास तोंडाशी नेला की तोच वास. आमचे हे म्हणायचे, तू लोणच्यात पडल्यासारखी येतेस घरी. तर ती फिल्म वाळली, की मोठे डॉक्टर ती उजेडाच्या पेटीवर लावायचे, पट्टी घ्यायचे, कोनमापक घ्यायचे, आणि लाल पेन्सिलीनं रेघा. इथून इथपर्यंत सरळ हवं, बघा तुमचं कुठं गेलंय. हे कंबरेचं हाड डावीकडं चार मिलिमीटर खाली. मानेची कमान बघा, कमान राहिलीच नाही. अहो, माणूस हसत आत यायचा आणि फोटो बघून लंगडत बाहेर जायचा! एक पोस्टमन होता, धडधाकट, नुसती मान धरली म्हणून आला — त्याला त्या रेघा दाखवल्या, तर त्यानं पुढं पाच वर्षं नातवाला उचललं नाही. माझ्या पाठीत वाकडं आहे म्हणे. वाकडं कुणाच्या पाठीत नसतं? मी हजारो बघितल्या, पट्टीसारखी सरळ एक नाही बघितली.

पण लबाड नव्हते हं ते. तसं समजू नका. हात चांगला होता — मणक्यावर असा तळवा ठेवायचे, एक झटका, कट् आवाज, आणि माणूस सुटल्यासारखा श्वास सोडायचा. आणि त्या रेघांवर त्यांचा मनापासून विश्वास. लबाड माणसाला तोंडावर बोलता येतं, विश्वास असलेल्या माणसाशी काय बोलणार? तो ऐकून घेत नाही, तो समजावून सांगायला लागतो.

मी इथं यायच्या आधी एका हॉस्पिटलात शिकायला होते. तिथं आमचा एक हेड होता, जाड भिंगाचा चष्मा, कायम तोंडात लवंग. तो म्हणायचा, पोरींनो, वाचणं तुमचं काम नाही, पण डोळे तुम्हाला दिलेत ते पगारातून कापून घेतलेले नाहीत. त्यानं आम्हाला घुबडं मोजायला शिकवलं. — हसा, आम्हीही हसलो होतो. समोरून काढलेल्या फोटोत एकेक मणका बघा, घुबडाच्या तोंडासारखा दिसतो. दोन बाजूंना दोन गोल, ते डोळे. मध्ये खाली टोक, ती चोच. एकावर एक घुबडं बसलेली. तर तो म्हणायचा, सगळ्या घुबडांचे दोन-दोन डोळे उघडे आहेत का तेवढं मोजायचं. एखाद्याचा एक डोळा मिटलेला दिसला, तर एक तर समोर वायू आलाय — नाहीतर तो गोल आतून खाल्ला गेलाय. कशानं, ते तो सांगायचा नाही. सांगायला लागायचंच नाही. मग आम्ही काय करायचं? तर फिल्मच्या कोपऱ्यात एक लाल कागदी टिकली चिकटवायची. बस. एक शब्द बोलायचा नाही, कुणाचा मान दुखवायचा नाही, तिथल्या वाचणाऱ्या डॉक्टरांनी ती बघितली की ते त्या फोटोकडं दोनदा बघायचे. इतकं साधं.

इथं लागले तेव्हा ती टिकल्यांची पाकिटं मी पर्समधून घेऊनच आले होते. पहिल्याच वर्षी एका माणसाच्या बरगडीला चीर दिसली, लावली टिकली. मोठ्या डॉक्टरांनी ती फिल्म हातात घेतली, बाहेर आले, बाहेर सहा-सात पेशंट बसलेले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, हे काय चिकटवलंय? कपाळ समजलात का हे?" सगळे हसले. मी सांगायला लागले, हॉस्पिटलात अशी पद्धत — तर म्हणाले, "तिथं असेल. इथं फोटो काढणारे वेगळे आणि वाचणारे वेगळे. तुम्ही वाचायला लागलात तर मी काय करू, फरशी पुसू?" पुन्हा हसले लोक. मीही हसले. काय करणार? त्या माणसाची बरगडी आपोआप सांधली. आणि माझ्या टिकल्या खणात गेल्या.

दम लागला का? दुखतंय? थोडं टेका मग भिंतीला, बसू मात्र नका. अजून पाच मिनिटं.

तर बेकरीवाली. — तिचं काय मध्येच म्हणजे? तिचंच तर सांगतेय. रस्त्याच्या त्या टोकाला बेकरी होती तिची, नवरा लवकर गेलेला, पंचेचाळीस-सेहेचाळीसची असेल, एक मुलगी. धिप्पाड बाई, हसली की खुर्ची हलायची. मैद्याची पोती स्वतः उचलायची. ती पहिल्यांदा आली तेव्हा या इथंच, तुम्ही उभे आहात तिथं उभी राहिली आणि मला म्हणाली, "फोटोवाली, जरा बारीक दिसेन असा काढ गं." तेव्हापासून मी फोटोवाली. दर मंगळवारी तिची वेळ असायची, येताना माझ्यासाठी कागदात गुंडाळून एक पाव आणायची, गरम असा की कागद ओला व्हायचा. पाठ दुखण्याचं कारण? पोती. विचारायलाच नको, पोती. डॉक्टरांनीही विचारलं नाही. फॉर्मवर एक रकाना होता, गेल्या पाच वर्षांत ऑपरेशन झालंय का — तिनं लिहिलं, नाही. खरंच लिहिलं तिनं. तिचं छातीचं ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी झालं होतं. गाठ काढली होती. नऊ म्हणजे पाचात बसत नाही ना? साधी सरळ बाई, विचारलं तेवढं उत्तर दिलं.

मी तिचा फोटो काढला. फिल्म धुतली, टांगली, वाळत होती. आणि सवयीनं मोजत गेले. वरून खाली. शेवटच्या बरगडीच्या खालचा पहिला मणका — डावा डोळा नाही. उजवा आहे, चोच आहे, डावा नाही. मी फिल्म उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. नाही. मी काय केलं माहितेय? खण उघडला. टिकल्या होत्या तिथंच, वर्षानुवर्षं पडून डिंक कडक झालेला. एक काढली, जिभेनं ओली केली आणि फिल्मच्या कोपऱ्यात चिकटवली. लावली मी, मास्तर. हे कुणाला माहीत नाही. लावली होती.

आणि फिल्म घेऊन दारापर्यंत गेले. दार अर्धं उघडं. आत मोठे डॉक्टर आणि ती, दोघं कशावरून तरी हसत होते. ते तिला सांगत होते, पाठीला तुमच्यासारखी माणसं आवडतात, कामाची. बाहेर बाकावर माणसं. आणि मला एकदम तो दिवस आठवला — कपाळ समजलात का हे. किती जुनी गोष्ट, बारा वर्षं झालेली, पण कान गरम झाले माझे. तिच्यासमोर हसं होईल असं वाटलं. तिच्यासमोर! जिच्यासाठी लावली, तिच्यासमोर लाज वाटली. मनात म्हटलं, वायू असेल. सकाळी चहा-पाव खाऊन आलीय, वायूच असणार. आणि तिथं दारात उभ्या-उभ्या मी नखानं ती टिकली खरवडली. सगळी निघेना. कडक डिंक, कागद फाटला, अर्धी राहिली. तरी आत गेले, फिल्म पेटीवर लावली आणि बाहेर आले. डॉक्टरांनी त्या अर्ध्या टिकलीकडं बघितलंही नाही. ते कोनमापक शोधत होते.

वायू आहे का बघायला काय लागतं? पंधरा मिनिटं. एक पेला कोमट पाणी. बास, एवढंच लागतं.

अकरा आठवडे. अकरा मंगळवार. ती यायची, पाव द्यायची, आत जायची, कट् आवाज यायचा, बाहेर यायची. कधी म्हणायची, बरं वाटतंय गं. कधी म्हणायची, आज काही खरं नाही. सातव्या आठवड्याला म्हणाली, "फोटोवाली, झोपलं तरी ठणकतं बघ, पोती काय स्वप्नातही उचलते की काय मी?" आणि हसली. आणि मी पण हसले. तेव्हा सांगायचं होतं ना? तेव्हा तरी? दर मंगळवारी मी ठरवायचे, आज सांगते. आणि दर मंगळवारी वाटायचं, आता सांगितलं तर विचारतील, मग मागच्या मंगळवारी का नाही सांगितलंत? जितका उशीर केला तितकं ते जड झालं. पोत्यासारखं नाही हो — पोतं निदान खाली ठेवता येतं.

बाराव्या आठवड्याला आली नाही. सकाळी भट्टीसमोर उभी असताना पाय गेले म्हणे. पडली नाही, नुसती खाली बसली, आणि उठताच येईना. मुलगी धावत आली तर म्हणाली, माझे पाय कुणाचे झालेत बघ गं.

मी गेले होते हॉस्पिटलात. सफरचंदं घेऊन गेले. ती पडलेली, कमरेपासून खाली चादर अगदी सपाट, एक सुरकुती नाही — पाय हललेच नाहीत तर सुरकुती कशी पडणार? मला बघून तिचा चेहरा फुलला. म्हणाली, "ये फोटोवाली. पाव नाही आज." मग हात धरला माझा, आणि म्हणाली, "गाठ परत आली म्हणतात. मणक्यात उतरली. दोन-तीन महिने आधी कळलं असतं तर पाय वाचले असते, असंही म्हणतात." मग ती म्हणाली — आरोप करायला नाही हो, अगदी सहज, शेजारीण शेजारणीला विचारते तसं — "तू तर मला आतून बघितलंयस. तुला काही दिसलं नव्हतं का गं?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच म्हटलं. मग सफरचंद कापलं आणि तिला दिलं. तिनं खाल्लं.

...पाणी प्या. मलाही जरा पिऊ दे.

आठवड्यानं तिची मुलगी आली इथं. एकोणीस-वीस वर्षांची, कोपरापर्यंत मैदा, बेकरी तशीच टाकून आलेली. भांडायला आली नव्हती. म्हणाली, "मावशी, हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना आईचा जुना फोटो हवाय. ताडून बघायचंय म्हणतात, किती दिवसांत किती पसरलं ते." मावशी म्हणाली मला. मोठे डॉक्टर म्हणाले, द्या बाई काढून. फिल्म ठेवायच्या खोलीच्या किल्ल्या माझ्याकडंच. मी आत गेले, तिचं पाकीट काढलं, फिल्म काढली. कोपऱ्यात ती अर्धी लाल टिकली. कुणीही बघितली असती तर म्हटलं असतं, हे काय? हे कुणी लावलं? आणि फाडलं कुणी? मी नखानं खूप घासलं. जात नव्हतं. अजून घासलं तर फिल्मला चरे पडले असते. तेव्हा मग मी ती फिल्म माझ्या कोटाच्या आत, पाठीशी लावली, वरून बटणं लावली, रिकामं पाकीट घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "सापडत नाहीये. कुठंतरी गहाळ झालीय." ती मुलगी म्हणाली, "असू दे मावशी, सापडली की फोन करा." तिनं नंबर लिहून दिला. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मला खाली वाकता आलं नाही. फिल्म पाठीला चिकटून ताठ. तिचा मणका माझ्या मणक्यावर.

चौदा महिने जगली ती. मी पुन्हा गेले नाही.

आणि मोठ्या डॉक्टरांचं — ते सांगू की नको? त्यांनी ते स्वतःवर घेतलं. रेघा ओढणं बंद झालं, कोनमापक कुठं गेलं कळलं नाही. प्रत्येक फिल्म हॉस्पिटलात पाठवायला लागले, तिथला वाचणारा डॉक्टर कागदावर लिहून देईल तेव्हाच पेशंटला हात लावायचा. लोक कंटाळून गेले, दुसरीकडं गेले. हातही पहिल्यासारखा राहिला नाही, झटका द्यायच्या क्षणी थांबायचे. मला सारखे विचारायचे, "बाई, तिच्या फोटोत काय होतं हो? मला कंबरेच्या रेघा आठवतात. त्या मणक्याचं काहीच आठवत नाही. होतं का तिथं काही? मी बघितलं आणि मला दिसलं नाही, की नव्हतंच?" मी काय सांगायचे? म्हणायचे, "नव्हतं काही." त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणायचे असं मला वाटायचं. शेवटच्या दुखण्यात भेटायला गेले, तेव्हा आवाज बसलेला होता, तरी तेच. "सापडला का फोटो?" मी म्हटलं, "नाही डॉक्टर." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. खरं सांगितलं असतं तर निदान माणसाला कळलं असतं, आपण दोषी की निर्दोष. मी त्यांना तेही दिलं नाही. मरताना कुणी एवढी साधी गोष्ट मागावी आणि आपल्या कपाटात ती असावी.

हो, आहे अजून. माझ्याकडंच आहे. कपाटात, साड्यांच्या खाली. आमच्या ह्यांना एकदा सापडली, म्हणाले, ही कुणाची पाठ? मी म्हटलं, माझी. घरात कुणी नसलं की दुपारी खिडकीशी धरून बघते. एक सांगू? मला तिचा चेहरा आठवत नाही आता. कितीही डोळे मिटले तरी येत नाही. हसू ऐकू येतं, खुर्ची करकरलेली ऐकू येते, पण चेहऱ्याच्या जागी ते मणके येतात, एकावर एक, आणि सगळे बघत असतात. एक सोडून.

का सांगतेय तुम्हाला? माहीत नाही. धाकट्या डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही, त्यांचे वडील होते ते. सतरा वर्षं झाली. तुम्ही आपले फेऱ्या मारत होता, मी बोलत गेले. — काय? तसं नाही. — मास्तर, असं बघू नका माझ्याकडं.

बरं. ऐका. तुम्ही हलला नव्हतात. अगदी स्थिर होतात, इतकं स्थिर कुणी राहत नाही, चांगला आलाय पहिला फोटो. मी खोटं बोलले. वायू असेल. दहातल्या नऊ वेळा वायूच असतो, हे मी तुम्हाला खरं सांगतेय, हेडनंही हेच सांगितलं होतं. म्हणून तर पाणी दिलं, म्हणून चालायला लावलं. दुसरा फोटो कुणी सांगितलेला नाही, मी माझ्या मनानं काढतेय. डॉक्टर रागावल्या तर मला रागावतील. या, चढा फळीवर. हळू. गुडघे वाकवा थोडे, पाठ टेकू दे पूर्ण. असं. गार लागतंय, माहितेय मला. मी त्या काचेमागं जाते, तिथूनही ऐकू येतं तुम्हाला. श्वास घ्या. सोडा. आता थांबवा तसाच.

झालं. घ्या श्वास. पडूनच राहा, एक मिनिट लागतं पडद्यावर यायला.

...

...

ऐकतेय मी. हो, आला फोटो. चांगला आलाय. वायू सरकलाय, सगळा सरकला, पोट स्वच्छ दिसतंय.

नाही. मास्तर, उठू नका. तसे उठू नका, कुशीवर व्हा आधी, मी हात देते. हं. कपडे घाला सावकाश. आज तुमच्या पाठीला इथं कुणी हात लावणार नाही, झटका नाही, काही नाही — धाकट्या डॉक्टरांनी लावायचा म्हटला तरी तुम्ही नको म्हणायचं. खालून दुसरा मणका, उजवी बाजू. एवढं लक्षात ठेवा. कुणी विचारलं कुणी सांगितलं, तर माझं नाव सांगा. मुलगी आली होती ना तुमच्याबरोबर? बाहेर आहे का ती? आत बोलवा तिला, बसवा इथं माझ्या खुर्चीत. माझी पर्स आहे ती, सरकवा बाजूला.

मी डॉक्टरांच्या खोलीत जातेय. पेशंट असू दे आत, असू दे बाहेर बाकावर माणसं. दार लावू नका मागं, मला त्यांना इथं आणून हे दाखवायचंय.